क्रेडिट कार्डावरील रिवॉर्ड पॉइंट आणि सुटीतील प्रवास : नाशिकमधील पगारदार कुटुंबाच्या दृष्टीने एक विवेचन

सारांश

क्रेडिट कार्डाच्या वापरावर मिळणाऱ्या रिवॉर्ड पॉइंटांतून सुटीतील प्रवासाचा काही खर्च भागविता येतो, ही बाब आता पगारदार वर्गाच्या परिचयाची झाली आहे. तथापि या पॉइंटांचे प्रत्यक्ष मोल किती, ते कशावर अवलंबून असते आणि कोणत्या परिस्थितीत ते शून्यावर येते, याचा हिशेब फारसा मांडला जात नाही. प्रस्तुत लेखात नाशिक शहरातून होणारा रेल्वे व विमान प्रवास डोळ्यांसमोर ठेवून हा हिशेब स्पष्ट केला आहे. रिवॉर्ड पॉइंट हे उत्पन्न नसून आधीच ठरलेल्या खर्चावरील सूट आहे आणि देयक दरमहा पूर्ण भरले तरच ही सूट टिकते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

बीजशब्द : क्रेडिट कार्ड, रिवॉर्ड पॉइंट, को-ब्रँडेड कार्ड, व्याजमुक्त कालावधी, सुटीतील प्रवास, नाशिक.

प्रस्तावना

भारतात क्रेडिट कार्डाची सुरुवात १९८० मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाने केली. पुढील दोन दशके हे कार्ड महानगरांतील मोजक्या उच्च उत्पन्न गटापुरते मर्यादित होते. १९९८ मध्ये भारतीय स्टेट बँकेने जीई कॅपिटलच्या सहकार्याने कार्ड व्यवसायात प्रवेश केला. याच सुमारास खासगी बँकांचा विस्तार झाला आणि मध्यम शहरांतील पगारदार माणसापर्यंत कार्ड पोहोचले. २०२४ च्या प्रारंभी देशातील क्रेडिट कार्डांच्या संख्येने १० कोटींचा टप्पा ओलांडला.

कार्डाबरोबर रिवॉर्ड पॉइंटांची कल्पनाही रुजली. तिचे मूळ विमान कंपन्यांच्या निष्ठावंत प्रवासी योजनांत आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये सुरू केलेली योजना ही या प्रकारातील आरंभीच्या योजनांपैकी एक मानली जाते. प्रवाशाने पुन्हा आपल्याच विमानाने जावे, एवढाच तिचा प्रारंभीचा हेतू होता. कालांतराने विमान कंपन्या आपले पॉइंट बँकांना विकू लागल्या आणि किराणा, कपडे, विजेचे बिल अशा विमानप्रवासाशी संबंध नसलेल्या खर्चावरही प्रवासाचे पॉइंट मिळू लागले.

महाविद्यालयीन प्राध्यापक हा नियमित वेतन असलेला वर्ग असल्याने वेतन खात्याच्या निमित्ताने त्याला कार्ड सहज देऊ केले जाते. त्याची सुटी विद्यापीठाच्या वेळापत्रकाने बांधलेली असते. त्यामुळे कार्डाच्या जाहिरातीत दिसणारा लाभ आणि या वर्गाच्या हाती प्रत्यक्ष पडणारा लाभ यांत अंतर पडते. ते समजून घेणे उपयुक्त ठरेल.

लेखाची उद्दिष्टे

१. रिवॉर्ड पॉइंट कोठून येतात व त्यांचा भार कोणावर पडतो, हे स्पष्ट करणे.
२. पॉइंटाचे रुपयांतील मोल काढण्याची सोपी रीत मांडणे.
३. नाशिकमधून होणाऱ्या रेल्वे व विमान प्रवासाच्या संदर्भात पॉइंटांची उपयुक्तता तपासणे.
४. लाभ नाहीसा करणाऱ्या घटकांचा परामर्श घेणे.

लेखाची मांडणी दुय्यम साधनांवर आधारलेली व विवेचनात्मक आहे. कौटुंबिक खर्चाची उदाहरणे केवळ हिशेब समजावा यासाठी घेतलेली असून ती काल्पनिक आहेत. कार्डांच्या अटी वारंवार बदलतात. म्हणून वाचकाने आकड्यांपेक्षा हिशेबाच्या रीतीकडे अधिक लक्ष द्यावे.

पॉइंट कोठून येतात?

ग्राहकाने दुकानात १०० रुपयांची खरेदी कार्डाने केली तर दुकानदाराला पूर्ण १०० रुपये मिळत नाहीत. व्यवहार पार पाडणाऱ्या बँका व कार्ड कंपनी त्यातून शुल्क कापून घेतात. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत हे शुल्क साधारणतः एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान असते. कार्ड देणारी बँक या शुल्कातील आपल्या वाट्याचा काही भाग ग्राहकाला पॉइंटांच्या रूपाने परत करते. रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील असे शुल्क १ जानेवारी २०२० पासून रद्द करण्यात आले. साध्या यूपीआय व्यवहारावर क्रेडिट कार्डाइतका परतावा का मिळत नाही, याचे उत्तर येथेच आहे. जेथे शुल्कच नाही तेथे वाटून देण्यासाठीही काही उरत नाही.

बँकेच्या उत्पन्नाचा दुसरा स्रोत म्हणजे देयक पूर्ण न भरणाऱ्या ग्राहकांकडून मिळणारे व्याज व विलंब शुल्क. म्हणजे वेळेवर पैसे भरणाऱ्या ग्राहकाला मिळणाऱ्या पॉइंटांचा काही भाग अडचणीत सापडलेल्या दुसऱ्या ग्राहकाच्या व्याजातून येतो. या व्यवस्थेत आपण कोणत्या बाजूला आहोत, हे प्रत्येक कार्डधारकाने ओळखणे अगत्याचे आहे.

दुकानदार हे शुल्क नेहमीच स्वतः सोसतो असे नाही. नाशिकचा मेन रोड असो वा सराफ बाजार, कार्डाने पैसे देताना दोन टक्के जादा मागितले जाणे किंवा रोखीने दिल्यास सूट देऊ केली जाणे, हा अनुभव नवा नाही. एक टक्का पॉइंट मिळविण्यासाठी दोन टक्के जादा देणे म्हणजे प्रत्येक व्यवहारात एक टक्का गमावणे होय.

पॉइंटाचे मोल कसे काढावे?

‘१०० रुपयांवर ४ पॉइंट’ हे वाक्य स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही. एका पॉइंटाचे मोल एक रुपया असेल तर परतावा चार टक्के होतो. वीस पैसे असेल तर तो एक टक्क्याहूनही कमी ठरतो. प्रवासाच्या तिकिटासाठी पुढील रीत वापरता येते. तिकिटाच्या रोख भाड्यातून, पॉइंट वापरूनही रोखीने भरावे लागणारे कर व शुल्क वजा करावे आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटांच्या संख्येने भागावे.

उदाहरणार्थ, एका विमान तिकिटाचे रोख भाडे ६,००० रुपये आहे. तेच तिकीट ८,००० पॉइंट व १,२०० रुपये कर देऊन मिळते. येथे ४,८०० रुपयांच्या मोबदल्यात ८,००० पॉइंट खर्च होतात. एका पॉइंटाचे मोल ६० पैसे येते. तेच पॉइंट बँकेच्या भेटवस्तूंच्या यादीत २५ पैसे दराने धरले जात असतील, तर ८,००० पॉइंटांचे मोल केवळ २,००० रुपये होईल. मिक्सर वा घड्याळ घेण्यापेक्षा प्रवासासाठी पॉइंट राखून ठेवणे अनेकदा हितावह ठरते, ते या कारणाने.

या रीतीत एक काळजी घ्यावी. रोख भाडे म्हणून त्या प्रवासासाठी आपण खरोखर मोजले असते तेवढीच रक्कम धरावी. जे कुटुंब एरवी रेल्वेने १,८०० रुपयांत गेले असते, त्याने ६,००० रुपयांचे विमान तिकीट पॉइंटांतून घेतले म्हणून त्याची ४,८०० रुपयांची बचत झाली, असे म्हणता येत नाही.

रेल्वे प्रवास आणि कार्ड

नाशिक रोड हे मुंबईहून उत्तर व पूर्व भारताकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावरील स्थानक असल्याने नाशिककरांच्या सुटीतील दूरच्या प्रवासात रेल्वेला महत्त्वाचे स्थान आहे. रेल्वे तिकिटांशी जोडलेले को-ब्रँडेड कार्ड म्हणूनच येथील कुटुंबांना विचारात घेण्याजोगे वाटते. आयआरसीटीसी व एसबीआय कार्ड यांनी जुलै २०२० मध्ये रुपे माध्यमावरील को-ब्रँडेड कार्ड आणले. आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून काढलेल्या वातानुकूलित प्रथम, द्वितीय व तृतीय वर्ग, एक्झिक्युटिव्ह चेअर कार आणि चेअर कार यांच्या तिकिटांवर १० टक्क्यांपर्यंत परतावा व व्यवहार शुल्कात एक टक्क्याची सूट, असे त्याचे स्वरूप जाहीर करण्यात आले.

हिशेबासाठी परतावा १० टक्के, एक पॉइंट म्हणजे एक रुपया आणि वार्षिक शुल्क ५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये धरू. एका कुटुंबाने वर्षभरात तृतीय वातानुकूलित वर्गाची १२,००० रुपयांची तिकिटे काढली, तर १,२०० पॉइंट मिळतील. शुल्क वजा जाता निव्वळ लाभ ६१० रुपये होईल. वर्षाला ५,९०० रुपयांपेक्षा कमी पात्र तिकिटे काढणाऱ्या कुटुंबाला केवळ रेल्वे प्रवासासाठी असे कार्ड घेणे तोट्याचे ठरेल.

‘पात्र’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. शयनयान वर्ग व द्वितीय श्रेणी या परताव्यात येत नाहीत. पंचवटी एक्स्प्रेसच्या द्वितीय श्रेणीतून किंवा मासिक पासावर मुंबईला ये-जा करणाऱ्या नाशिककराचा वर्षभराचा रेल्वे खर्च कितीही मोठा असला, तरी या परताव्यात त्याची गणना होत नाही. उलट मुंबई–शिर्डी वंदे भारतची चेअर कार, जी फेब्रुवारी २०२३ पासून नाशिक रोडमार्गे धावते, ती पात्र वर्गात मोडते. लाभाचा ओघ अधिक भाडे देणाऱ्या प्रवाशाकडे वळतो, हे यावरून दिसून येते.

सामान्य कार्डाने ऑनलाइन रेल्वे तिकीट काढताना आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. आयआरसीटीसीने सप्टेंबर २०१९ पासून वातानुकूलित वर्गासाठी ३० रुपये अधिक कर असे सुविधा शुल्क लागू केले. यूपीआयने पैसे दिल्यास ते २० रुपये ठेवण्यात आले. क्रेडिट कार्डासाठी पेमेंट गेटवेचे शुल्क याशिवाय असते. अशा वेळी एक टक्का पॉइंट देणाऱ्या सामान्य कार्डापेक्षा यूपीआय स्वस्त पडू शकते.

विमान प्रवास आणि ओझरचा विमानतळ

नाशिकचा विमानतळ शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर ओझर येथे आहे. तेथील नव्या प्रवासी टर्मिनलचे उद्घाटन २०१४ मध्ये झाले. तथापि नियमित सेवेचा इतिहास खंडित आहे. उडान योजनेअंतर्गत जेट एअरवेजने जून २०१८ मध्ये नाशिक–दिल्ली सेवा सुरू केली. १७ एप्रिल २०१९ रोजी या कंपनीची सर्वच उड्डाणे थांबली. पुढे मार्च २०२३ मध्ये इंडिगोने नाशिकहून सेवा सुरू केली. थेट जोडलेली शहरे मात्र मोजकी आहेत आणि वेळापत्रकानुसार ती बदलत राहतात.

या इतिहासातून पॉइंट साठविणाऱ्यास दोन धडे मिळतात. पहिला असा की, पॉइंट ही बँकेतील ठेव नव्हे. जेट एअरवेज बंद पडल्यावर तिची प्रवासी योजना स्वतंत्र कंपनीकडे असल्याने टिकली व नोव्हेंबर २०१९ मध्ये इंटरमाइल्स या नावाने पुढे चालू राहिली. तथापि ज्या विमानासाठी पॉइंट साठविले ते विमानच उरले नाही. विस्ताराचे एअर इंडियात विलीनीकरण १२ नोव्हेंबर २०२४ रोजी झाले, तेव्हा तिच्या सदस्यांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले. येथे पॉइंट बुडाले नाहीत, परंतु नवी योजना व तिचे नियम सदस्याने निवडलेले नव्हते. पॉइंटांवर व्याज मिळत नाही, त्यांना ठेव विम्याचे संरक्षण नसते आणि त्यांचे मोल कंपनी एकतर्फी घटवू शकते. म्हणून ते वर्षानुवर्षे साठविण्यात शहाणपण नाही.

दुसरा धडा निवडीसंबंधी आहे. एकाच विमान कंपनीशी बांधलेले कार्ड मुंबई वा दिल्लीच्या प्रवाशाला जितके उपयोगी, तितके नाशिककराला असेलच असे नाही. त्या कंपनीचे विमान मुंबईहून पकडावे लागल्यास चौघांच्या कुटुंबाचे नाशिक–मुंबई जाण्यायेण्याचे भाडे व प्रसंगी मुक्कामाचा खर्च बचतीतून वजा करावा लागतो. त्यामुळे एकाहून अधिक कंपन्यांकडे पॉइंट वर्ग करता येणारे किंवा सरळ कॅशबॅक देणारे कार्ड नाशिकसारख्या शहरात अधिक सोयीचे ठरते.

सुटीचे वेळापत्रक आणि पॉइंट

पॉइंटांचा उत्तम उपयोग गर्दी नसलेल्या दिवसांत होतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील प्राध्यापकाला मात्र प्रवासासाठी प्रामुख्याने दिवाळी व उन्हाळा हेच दोन काळ मिळतात. नेमक्या याच काळात भाडी चढलेली असतात. ज्या योजनांत पॉइंटाचे मोल भाड्याशी बांधलेले असते, तेथे भाडे दुप्पट झाले की लागणारे पॉइंटही दुप्पट होतात. ज्या योजनांत ठरावीक पॉइंटांत जागा मिळते, तेथे गर्दीच्या काळात अशा जागा अत्यल्प असतात.

यावर उपाय म्हणजे उलट क्रमाने नियोजन करणे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाचा कालावधी १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणला गेला. दिवाळीच्या सुटीचे तिकीट सुमारे दोन महिने आधी, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत काढावे लागते. पॉइंट बहुधा देयक तयार झाल्यानंतर खात्यात जमा होतात. त्यामुळे दिवाळीच्या प्रवासासाठी उपयोगी पडणारा खर्च जुलैपर्यंत झालेला असावा. जूनमधील मुलांची पुस्तके व गणवेश किंवा पावसाळ्यापूर्वीची घरदुरुस्ती असा टाळता न येणारा खर्च कार्डावर घेतल्यास ते पॉइंट वेळेत हाती येतात. गणेशोत्सवातील खरेदीचे पॉइंट दिवाळीच्या तिकिटाला उशिरा पडतात. ते उन्हाळी सुटीकरिता ठेवावेत. शैक्षणिक शुल्क, इंधन, घरभाडे, विमा हप्ता यांसारख्या खर्चांवर अनेक कार्डे पॉइंट देत नाहीत वा मर्यादा घालतात, हे आधी पाहून घ्यावे. पतीपत्नींनी दोन वेगळी कार्डे घेण्याऐवजी एक मुख्य व एक पुरवणी कार्ड घेतल्यास पॉइंट एकाच खात्यात जमतात.

लाभ नाहीसा करणारे घटक

अ) व्याज : क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ टक्के व्याज आकारले जाणे सर्रास आढळते. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे ग्राहकाला या मर्यादेचा आधार राहिलेला नाही.

समजा, एका प्राध्यापकाचे देयक ४०,००० रुपयांचे आहे आणि त्याने किमान देय रक्कम म्हणून २,००० रुपये भरले. उरलेल्या ३८,००० रुपयांवर साडेतीन टक्के दराने एका महिन्याचे व्याज १,३३० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे २३९ रुपये, असे १,५६९ रुपये होतात. त्याच कार्डावर वर्षभरात १,२०,००० रुपये खर्च करून एक टक्का दराने त्याला मिळणारे पॉइंट १,२०० रुपयांचे असतात. वर्षभराची मिळकत एका महिन्याच्या चुकीने पुसली जाते. प्रत्यक्षात नुकसान याहून अधिक असते. कारण बाकी राहिल्यास व्याजमुक्त कालावधी संपुष्टात येतो आणि नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकांनी ही बाब विशेषत्वाने लक्षात घ्यावी. मानधन महिनोन्‌महिने विलंबाने येत असताना कार्डाचे देयक मात्र ठरल्या तारखेला येते. अशा परिस्थितीत पॉइंटांच्या आकर्षणापोटी कार्डावर खर्च करणे धोक्याचे आहे. थकबाकी झालीच असेल, तर ती किमान रकमेवर रेटत नेण्यापेक्षा पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे कर्ज घेऊन एकरकमी फेडणे पुष्कळ स्वस्त पडते.

आ) उद्दिष्टपूर्तीसाठी खर्च : ‘वर्षात ४ लाख रुपये खर्च केल्यास ५,००० रुपयांचे तिकीट’ अशा सवलतीत ३०,००० रुपये कमी पडत असल्यास ते भरून काढण्यासाठी अनावश्यक खरेदी केली जाते. गरज नसलेल्या ३०,००० रुपयांच्या वस्तू घेऊन मिळालेले ५,००० रुपयांचे तिकीट मोफत म्हणता येत नाही.

इ) परदेशातील वापर : परकीय चलनातील व्यवहारावर अनेक कार्डे साडेतीन टक्के जादा आकारतात. जीएसटीसह हा भार ४.१३ टक्के होतो. परदेशात १,००,००० रुपये खर्च केल्यास ४,१३० रुपये जादा जातात आणि पॉइंट मात्र एक-दोन हजारांचे मिळतात. परदेश प्रवासापूर्वी हा दर तपासावा.

ग्राहकाचे हक्क

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या कार्डविषयक निर्देशांनी ग्राहकाला काही महत्त्वाचे संरक्षण दिले. मागणी न करता कार्ड देण्यास मनाई करण्यात आली. थकबाकी नसताना कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण न झाल्यास दररोज ५०० रुपये दंड ग्राहकाला देण्याची तरतूद झाली. न भरलेले शुल्क व कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज आकारण्यासही प्रतिबंध झाला. बँकेकडून निवारण न झालेली तक्रार रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल व्यवस्थेकडे नेता येते. कार्ड बंद करण्यापूर्वी शिल्लक पॉइंट वापरून घ्यावेत, अन्यथा ते बुडण्याची शक्यता असते.

निष्कर्ष

१. रिवॉर्ड पॉइंट हे दुकानदाराचे शुल्क व अन्य ग्राहकांचे व्याज यांतून दिली जाणारी सूट आहे. तिचे प्रमाण बहुतेक पगारदार कुटुंबांत वर्षाला काही शे ते काही हजार रुपये एवढेच राहते.
२. वातानुकूलित वर्गाने नियमित प्रवास करणाऱ्या नाशिकच्या कुटुंबाला रेल्वेशी जोडलेले कार्ड लाभाचे ठरू शकते. द्वितीय श्रेणीच्या वा पासधारक प्रवाशाला नाही.
३. विमानसेवेतील अस्थिरता पाहता एकाच विमान कंपनीच्या पॉइंटांवर भिस्त ठेवणे नाशिककरांच्या हिताचे नाही.
४. एका महिन्याची थकबाकी वर्षभराचे पॉइंट निरर्थक ठरवू शकते.

शिफारशी

देयक दरमहा पूर्ण भरले जावे यासाठी बँक खात्यातून पूर्ण रकमेची स्वयंचलित वजावट नोंदवावी. वार्षिक शुल्काच्या बरोबरीचा लाभ किती खर्चावर होतो, हे कार्ड घेण्यापूर्वी कागदावर मांडावे. पॉइंट वर्षातून एकदा सुटीच्या तिकिटासाठी वापरून टाकावेत. ज्यांचे उत्पन्न अनियमित आहे त्यांनी कार्डाऐवजी दरमहा थोडी रक्कम आवर्ती ठेवीत टाकून सुटीची तरतूद करावी. दरमहा १,००० रुपयांच्या ठेवीतून वर्षअखेर १२,००० रुपये व त्यावरील व्याज हाती येते. तेवढ्या रकमेचे पॉइंट एक टक्का दराने मिळवायचे झाल्यास १२ लाख रुपयांचा खर्च करावा लागेल. सुटीतील प्रवासाचा पाया म्हणजे बचतच होय. पॉइंटांनी त्या बचतीला थोडा हातभार लावावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा ठेवणे उचित ठरेल.